मत्स्यबीज केंद्राचा अनुभव : मोजणी चोख, पण वाणाची खात्री नाही

भंडारा जिल्ह्यातील आमच्या शेततळ्यासाठी गेल्या श्रावणात तालुक्याच्या गावच्या एका खाजगी केंद्रातून रोहू, कतला आणि मृगळ यांची एक हजार बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिले, घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण असा माल विकणारे ते एकटेच असेल, असे मला वाटत नाही.

पोचवण्याच्या कामात उणे काढायला जागा नाही. माल पहाटेच्या गारव्यात आला, पिशव्यांत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू होता, आणि मोजणी वाटीच्या मापाने झाली तरी मागणी केल्यावर एक वाटी परातीत पालथी करून नग मोजून दाखवण्यात आले. पिशवी वीस मिनिटे तळ्यात तरंगू द्यावी व मगच तोंड सोडावे, हेही माणसाने आपणहून सांगितले. मर फारच थोडी झाली.

कार्तिकात जाळे टाकले तेव्हा मात्र रोहूंबरोबर तिलापिया, म्हणजे बाजारातली चिलापी, वर आली आणि त्यांतील काही माद्यांच्या तोंडात अंडी होती. हा मासा मूळचा आफ्रिकेतला असून 1952 मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळत असल्याने त्यांची मर कमी होते, आणि नर विणीसाठी तळाशी खड्डे करताना पाणवनस्पती उपटून टाकतात. आमच्या तळ्याचा सांडवा नाल्यात, नाला गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात आणि तलावाचे जादा पाणी चुलबंद नदीतून वैनगंगेला जाते, म्हणून हा प्रश्न माझ्या तळ्याच्या बांधापाशी संपत नाही. त्याच तलावातील पाणवनस्पतींच्या आडोशाला दाडक मासे वाढतात, मरळ आपल्या पिलांचा घोळका राखते, आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर मोठ्या बेडकांचे नर पिवळे होतात व माद्या काठच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. धानाच्या रोवणीनंतर बांध्यांतील किडे खाणारे हेच बेडूक आहेत. कीटकनाशकाच्या दुकानदाराला त्यांचे कौतुक नसेल, मला आहे.

तक्रार केल्यावर ‘चिलापी पण विकतेच ना’ असे उत्तर मिळाले, आणि त्यावर ‘लवकर वाढणारी मोठी मागूर हवी का’ अशी विचारणाही झाली. ही आफ्रिकन मागूर इतर मासे, बेडूक आणि हाती लागेल ते खाते व तिच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 मध्ये बंदी घातली आहे. पोचवणीसाठी चार तारे देता आले असते, या एका प्रश्नाने ते दोनावर आले.

येथून बीज घ्यायचेच असेल तर ते थेट तळ्यात सोडू नये. हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, काही दिवस ठेवून वेगळे दिसणारे नग निवडावेत. पाठीवर लांब काटेरी पर आणि त्या पराच्या मागच्या भागावर काळा ठिपका असेल, तर ते चिलापीचे पिलू समजावे. रोहूचा पाठीवरचा पर आखूड व बिनकाट्याचा असतो. ही पारख मला आमच्या गावच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर मंडळींनी शिकवली, पण तोवर माल तळ्यात सोडून झाला होता.

येत्या उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवून तळ उन्हात वाळवणार आहे. तोपर्यंत सांडव्यावर मच्छरदाणीची जाळी बांधली आहे. अवकाळी पाऊस आला की ती गाळाने तुंबते आणि रात्री कंदील घेऊन ती मोकळी करावी लागते.