मतदाराने लक्ष कशाकडे द्यावं, ओपिनियन पोल की एक्झिट पोल?

मतावर परिणाम होतो तो ओपिनियन पोलचा, कारण लोकांना विचारून बांधलेला हा अंदाज मतदानाआधी येतो. ‘हवा कुणाची’ ऐकून कुंपणावरचा मतदार झुकतो. समर्थक सोयीचा आकडा तेवढाच फॉरवर्ड करतात. हजार जणांच्या नमुन्यात चूक साधारण ३ टक्के अधिक-उणे. म्हणजे २ टक्क्यांची आघाडी ही आघाडीच नव्हे!

एक्झिट पोल, म्हणजे मत देऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारून बांधलेला अंदाज, शेवटचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत कायद्याने दाखवता येत नाही. मत फिरत नाही, अपेक्षा मात्र फुगतात. २०२४च्या लोकसभेला बहुतेक पोलनी एनडीएला ३५०च्या पुढे नेलं. मिळाल्या २९३ जागा. मतांच्या टक्केवारीवरून जागा काढतानाच गाडी घसरते, शिवाय काही मतदार दबून खरं सांगत नाहीत.

निवडायचाच तर ओपिनियन पोल, तोही नमुना, तारखा आणि पैसे कुणाचे हे छापलेला.