फोनवरच्या मेलसाठी काय निवडावं: पॉप, आयमॅप की जेमॅप?

मोबाइलसाठी मेल अ‍ॅप लिहायचं असो की संस्थेसाठी मेल सर्व्हर निवडायचा असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉप, आयमॅप आणि जेमॅप या मेल सर्व्हरशी बोलायच्या तीन पद्धतींपैकी (प्रोटोकॉलपैकी) डेटा कुणाला कमी लागतो? पण फोनचा रेडिओ एकदा जागा झाला की दोन ओळी पाठवून लगेच झोपत नाही, पुढचे काही सेकंद तो वीज खातच राहतो. दर दोन मिनिटांनी ‘काही नवीन आलं का?’ असं विचारणारं अ‍ॅप जेमतेम किलोबाइटभर डेटा वापरूनही बॅटरी संपवू शकतं. म्हणून डेटाच्या जोडीला मी आणखी तीन गोष्टी तपासतो. एका कामासाठी सर्व्हरकडे किती फेऱ्या होतात? कनेक्शन तुटून परत जुळलं की काय काय पुन्हा मागावं लागतं? आणि जे सर्व्हरवर आधीपासूनच आहे, ते उगाच फोनमधून फिरवून न्यावं लागतं का?

पॉप३, म्हणजे पॉपची प्रचलित आवृत्ती, लवकर निकालात काढता येतो. 1996 च्या आरएफसी 1939 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती ठरवणारा क्रमांकित दस्तऐवज) मधला हा प्रोटोकॉल सोपा आहे, थोडक्या कोडमध्ये बसतो आणि एकाच उपकरणावर मेल उतरवून सर्व्हरवरून काढून टाकायची असेल तर आजही चालतो. मेल सर्व्हरवरच ठेवायची म्हटलं की तो अडखळतो. ‘मागच्या वेळेनंतर काय बदललं’ हे विचारायची सोय त्यात नाही. दर वेळी सगळ्या मेलच्या ओळखखुणांची यादी उतरवून फोनलाच ताडून पाहावं लागतं. पेटीत 10,000 मेल असतील आणि एका ओळीला 30 बाइट धरले, तर नुसती यादीच 300 किलोबाइटची होते. फोल्डर नाहीत, ‘वाचलं’ची खूण सर्व्हरवर राहत नाही. फोन आणि लॅपटॉप दोन्ही वापरणाऱ्यासाठी हा विषय इथेच संपतो.

आयमॅपचा पाया मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला घातला, आणि 2003 चा आरएफसी 3501 बरीच वर्षं त्याचा प्रमाण मसुदा होता. मेलचा सांगाडा आधी मागवायचा, मग फक्त मजकुराचा भाग घ्यायचा, तोही हवा तर पहिले 2,000 बाइटच, ही सोय त्यात मुळापासून आहे आणि लहान पडद्याला ती फार उपयोगी पडते. अडचण आहे ती त्याच्या गृहीतकात: कनेक्शन तासन्‌तास टिकेल असं तो धरून चालतो. मोबाइल नेटवर्कवर ते टिकत नाही.

नेमकी हीच उणीव भरून काढायला आयईटीएफ या इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या संस्थेने ‘लेमोनेड’ नावाचा कार्यगट नेमला. त्याने कुठला नवा प्रोटोकॉल आणला नाही; आयमॅप आणि एसएमटीपी (मेल पाठवायचा प्रोटोकॉल) यांवर चढवायच्या विस्तारांचा एक संच ठरवला. आरएफसी 4550 मध्ये तो 2006 साली आला आणि आरएफसी 5550 मध्ये 2009 साली सुधारून आला. या कामाची म्हणावी तितकी कदर झाली नाही, असं मला मनापासून वाटतं.

फॉरवर्डचं उदाहरण घ्या. 5 एमबीची फाइल जोडलेली मेल आली आणि ती तुम्हाला पुढे पाठवायची आहे. बेस६४ मध्ये, म्हणजे मेलमधून जाण्यासाठी फाइल साध्या अक्षरांत बदलली की, ती फाइल साधारण 6.8 एमबी होते. साध्या आयमॅपमध्ये फोन ती आधी उतरवतो, मग एसएमटीपीने तेवढीच वर चढवतो आणि शेवटी ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये प्रत ठेवण्यासाठी पुन्हा एकदा चढवतो. म्हणजे जी फाइल सर्व्हरवर होतीच, तिच्यासाठी 20 एमबी खर्च. लेमोनेडच्या मार्गाने फोन सर्व्हरला सांगतो: माझा हा चार ओळींचा मजकूर घे, त्या जुन्या मेलचा दुसरा भाग (जोडलेली फाइल) त्याला जोड आणि नवी मेल तयार कर. याला कॅटेनेट म्हणतात. मग यूआरएलऑथने त्या मेलपुरती परवानगी असलेला पत्ता बनतो, आणि एसएमटीपी सर्व्हर बर्ल या आदेशाने ती मेल परस्पर आयमॅप सर्व्हरकडून उचलतो. फोनवरून जातात ते एक-दोन किलोबाइट. अट एवढीच की दोन्ही सर्व्हरनी एकमेकांवर विश्वास ठेवायला हवा. तो जुळवून देण्याचं काम फारसं कुणी केलं नाही, आणि ही सुंदर सोय बहुतेक ठिकाणी बंदच राहिली.

त्याच सुमारास आलेले काही विस्तार मात्र रुजले. कंडस्टोअर प्रत्येक बदलाला चढता क्रमांक देतो. क्यूरीसिंक त्यापुढे जातो: फोल्डर उघडतानाच फोन सांगतो, ‘माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंतचं आहे’, आणि सर्व्हर त्याच उत्तरात नवे बदल आणि पुसलेल्या मेलचे क्रमांक देतो. बोगद्यातून बाहेर आलेल्या फोनला हजारो मेलच्या खुणा पुन्हा मागाव्या लागत नाहीत. कॉम्प्रेस-डिफ्लेट या डेटा दाबून पाठवायच्या विस्ताराने मजकूर तर आटतोच, बेस६४ मुळे फुगलेला भागही बराचसा कमी होतो.

नवी मेल आल्याचं कळण्याच्या बाबतीत आयमॅप आजही लंगडा आहे. 1997 च्या आयडल या विस्तारात नव्या मेलची बातमी मिळावी म्हणून कनेक्शन उघडं ठेवावं लागतं, निदान दर 29 मिनिटांनी ते नव्याने सुरू करावं लागतं आणि एका वेळी एकाच फोल्डरची बातमी मिळते. नोटिफाय या विस्ताराने फोल्डरचा प्रश्न सुटला, उघड्या कनेक्शनचा नाही. अँड्रॉइडवर कसंबसं निभावतं. आयओएस मात्र अ‍ॅपला पडद्याआड असं कनेक्शन धरून बसू देत नाही.

जेमॅप इथे स्पष्टपणे पुढे आहे. 2019 मध्ये आरएफसी 8620 आणि 8621 म्हणून तो प्रमाण झाला. सुरुवात फास्टमेल या मेल सेवेने केली होती. एचटीटीपी (वेबचा प्रोटोकॉल) आणि जेसन (डेटा मजकुराच्या रूपात मांडायची पद्धत) यांवर चालतो, त्यामुळे नेटवर्क बदललं तरी पुढची विनंती निवांत नव्या कनेक्शनवरून जाते. शोध, यादी आणि मजकूर अशा तीन मागण्या एकाच फेरीत, पहिलीचं उत्तर दुसरीला जोडून करता येतात. ‘या स्थितीनंतर काय बदललं’ हा प्रश्न त्याच्या गाभ्यातच आहे. बदलाची सूचना पुश सेवेतून येते, फोनला जागं बसावं लागत नाही. मेल पाठवणंही याच मार्गाने होतं, आणि फॉरवर्ड करताना अटॅचमेंटचा नुसता ओळखक्रमांक दिला की पुरतं. लेमोनेडने तीन विस्तार आणि दोन सर्व्हर जुळवून जे साधलं, ते इथे एका सर्व्हरवर सरळ होतं.

मग सगळ्यांनी जेमॅपच घ्यावा का? सर्व्हर आणि अ‍ॅप दोन्ही तुमच्या हातात असतील तर मी डोळे झाकून हो म्हणेन. सायरस, अपाचे जेम्स आणि स्टॉलवर्ट हे मुक्त सर्व्हर तो देतात. पण वापरणारे लोक फोनमध्ये आधीपासून असलेलं मेल अ‍ॅप सोडणार नसतील, तर त्या अ‍ॅपला बहुधा आयमॅपच कळतो. तिथे डव्हकॉटसारखा सर्व्हर घ्या, क्यूरीसिंक आणि कॉम्प्रेस चालू असल्याची खात्री करा आणि अ‍ॅप ते खरंच वापरतं का हेही लॉगमध्ये बघा. सर्व्हरने क्षमतांच्या यादीत नाव दिलं म्हणून अ‍ॅप ते वापरतंच असं नाही.

उपकरण फारच लहान असेल, म्हणजे मेमरी शे-दोनशे किलोबाइटच असेल, तर हिशेब उलटू शकतो. आयमॅप मजकूर देण्याआधी त्याची लांबी सांगतो, त्यामुळे बाइट येतील तसे पुढे सरकवता येतात. जेसनचं उत्तर उलगडणं तेवढ्या जागेत जिकिरीचं होतं. निदान हवी तेवढीच क्षेत्रं मागा आणि मजकुराच्या बाइटवर कमाल मर्यादा घाला, जेमॅपमध्ये दोन्हीची सोय आहे. अशा उपकरणावर कॉम्प्रेसच्या मागे लागू नका, कारण डिफ्लेट उलगडायलाच 32 किलोबाइटची खिडकी, म्हणजे नुकताच आलेला डेटा धरून ठेवायची जागा, राखून ठेवावी लागते. आणि उपकरणाला फक्त इशारा पाठवायचा असेल, वाचायचं काहीच नसेल, तर यातलं काहीही नको. टीएलएसवरून (सुरक्षित, सांकेतिक कनेक्शनवरून) साधं एसएमटीपी सबमिशन, म्हणजे नुसतं मेल पाठवणं, पुरेसं आहे.