प्युलिन्यी-मोंराशे ‘ले प्युसेल’ 2014, दोमेन लफ्लेव्ह: थंडगार पिऊ नका

प्युलिन्यी-मोंराशे हे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातलं गाव, ‘ले प्युसेल’ ही तिथली द्राक्षबाग आणि दोमेन लफ्लेव्ह ही वाइन बनवणारी इस्टेट. त्यांची ही पांढरी वाइन पेल्यात ओतल्यावर मी वास घ्यायच्या आधी रंग बघितला. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनमध्ये एक दुखणं शिरलं आहे. चांगल्या चांगल्या बाटल्या काही वर्षांतच म्हाताऱ्या होतात, तपकिरी पडतात आणि त्यांना कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास मारतो. म्हणून दहा वर्षं उलटलेली बाटली उघडताना धाकधूक असतेच. इथे ती लगेच मिटली. रंग फिकट सोनेरी, कडेला हिरवट झाक. 2014 च्या याच सुगीपासून लफ्लेव्हने नेहमीचं बूच सोडून डिआम नावाचं बूच घेतलं. त्यात बुचाचा चुरा स्वच्छ करून पुन्हा साच्यात बांधलेला असतो. रंग टिकला त्याचं बरंचसं श्रेय मी त्याला देईन.

पहिला वास नुकत्याच ओढलेल्या आगकाडीचा. तो दोष समजून बाटली बाजूला ठेवू नका. यीस्टच्या गाळावर हवेपासून जपून वाढवलेल्या शार्डोने द्राक्षाच्या वाइनमध्ये हा गंधकाचा वास येतो आणि हवा लागली की विरतो. मी वाइन रुंद पेल्यात तशीच राहू दिली. आगकाडी मागे सरली आणि लिंबाची साल, पांढरी फुलं, कच्चं हेझलनट असं एकेक पुढे आलं. ओकचा, म्हणजे पिंपाच्या लाकडाचा, वास शोधावा लागतो. लफ्लेव्हकडे वाइन वर्षभर पिंपात राहते, मग स्टीलच्या टाकीत जाते. लाकूड आवरतं ते तिथेच, असं मला वाटतं.

पण ही वाइन खरी कळते ती जिभेवर. 2014 मध्ये बर्गंडीत जुलै-ऑगस्ट थंड गेले आणि सप्टेंबरच्या उन्हाने पीक सावरलं. आंबटपणा टिकला आणि द्राक्षंही पिकली. सुरुवातीला घोट गोलसर, जवळजवळ लोण्यासारखा वाटतो. मग मधूनच आंबटपणा ताठ उभा राहतो, तोंडाला पाणी सुटतं आणि शेवटी खारट चव रेंगाळते. गिळून झाल्यावरही ती बराच वेळ जात नाही. मोठ्या वाइनची माझी कसोटी हीच, आणि ही वाइन त्यात पूर्ण उतरते.

फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायलात तर मात्र यातलं निम्मंही हाती लागणार नाही. आठ अंशांना नुसता आंबटपणा टोचतो. बारा-तेराला आली की अंग भरतं.

‘प्युसेल’ ही प्रमिए क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या एक पायरी खालची बाग. बिआंव्हन्यू-बातार-मोंराशे ही ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाची बाग अगदी तिला लागून आहे, आणि लफ्लेव्हच्या ‘प्युसेल’ची किंमतही शेकडो युरोंत जाते. हे पैसे जास्तच आहेत. तरीही एकदाच खर्च करायचा असेल तर एखाद्या सामान्य ग्रां क्रूऐवजी मी हीच बाटली घेईन. शिवाय इस्टेटच्या प्रमुख आन-क्लोद लफ्लेव्ह यांच्या हयातीतली ही शेवटची सुगी. 1990 च्या दशकात सगळ्या बागा बायोडायनॅमिक, म्हणजे रसायनं टाळून चंद्र-ग्रहांच्या वेळा पाळणाऱ्या शेतीकडे त्यांनीच वळवल्या. एप्रिल 2015 मध्ये त्या गेल्या.

उरलेली वाइन बूच लावून दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखली. बदामाची आणि थोडी मधाची चव वाढली होती, आंबटपणा तसाच होता, सफरचंदाचा मागमूस नाही. दोन बाटल्या असतील तर एक आता उघडा, लोण्यात परतलेल्या माशाबरोबर. दुसरी आणखी पाच वर्षं खुशाल ठेवा.