रबाळ्यातील कारखान्यासाठी घेतलेला ॲसिडगळतीचा संच

रबाळे एमआयडीसीतील आमच्या प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) कारखान्यात सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडचे कॅन कायम असतात, शिवाय कॉस्टिक लायही (कॉस्टिक सोड्याचे तीव्र अल्कधर्मी द्रावण) असते. तपासणीच्या वेळी दाखवावा लागतो म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक कारखाने गळतीचा संच, म्हणजे सांडलेले रसायन आवरण्याचे साहित्य, घेतात आणि सील न फोडता कोपऱ्यात उभा करून ठेवतात. आम्ही घेतलेला ६० लिटर क्षमतेचा, चाकांच्या पिवळ्या ड्रममधला संच उघडला, आधी पाण्यावर आणि मग प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओतलेल्या थोड्या हायड्रोक्लोरिकवर वापरून पाहिला. माझे मत थोडक्यात असे की, यातील शोषक साहित्यासाठी पैसे द्यावेत; अंगावर घालण्याच्या वस्तू आणि पावडर मात्र स्वतंत्रपणे घ्यावी.

शोषक पॅड पॉलिप्रॉपिलीनचे आहेत आणि रंगाने पिवळे आहेत, म्हणजे रसायनांसाठीचे आहेत. बाजारात पांढरे पॅडही मिळतात, पण ते केवळ तेल शोषतात आणि पाण्यासारखा द्रव बाहेरच ठेवतात, त्यामुळे ॲसिडसाठी ते निरुपयोगी होत. खरेदी करणाऱ्याने एवढे तरी पाहावेच. लोडासारखे लांबट, शोषक साहित्य भरलेले सॉक सर्वांत उपयोगी ठरले. सांडलेल्या द्रवाभोवती त्यांचे कडे केले आणि टोके एकमेकांवर चढवली की द्रव पुढे सरकत नाही. पॅडने ॲसिड लगेच ओढून घेतले, परंतु भिजलेला पॅड उचलताच खालच्या कोपऱ्यातून थेंब गळू लागले. ते थेंब बुटावर पडू नयेत म्हणून पॅड हाताने न उचलता सुपडीने सरकवत पिशवीत घालणे बरे. संचातील सुपडी प्लास्टिकची आहे खरी, पण तिच्या दांड्याला लोखंडी रिव्हेट आहे. ॲसिडच्या कामासाठी अशी सुपडी कोणी निवडली असेल, हे कोडेच आहे. ओलियम (धूर सोडणारे अतितीव्र सल्फ्युरिक) आणि धूमायमान, म्हणजे धूर सोडणाऱ्या, नायट्रिकसाठी हे पॅड वापरू नयेत, असे माहितीपत्रकात लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत मोठी तक्रार पावडरीबद्दल आहे. ड्रमवर ठळक अक्षरांत ६० लिटर लिहिलेले असताना आत उदासीनीकरणासाठी (ॲसिडची आम्लता घालवण्यासाठी) सोडा ॲशची, म्हणजे सोडियम कार्बोनेटची, २ किलोची एकच बरणी आहे. हिशेब साधा आहे: ९८ टक्के सल्फ्युरिकच्या १ लिटरमध्ये सुमारे १.८ किलो ॲसिड असते आणि ते उदासीन करण्यासाठी जवळपास २ किलो सोडा ॲश लागतो. खाण्याचा सोडा वापरला तर ३ किलोंहून अधिक. म्हणजे ही बरणी एका लिटरलाच पुरते. ३३ टक्के हायड्रोक्लोरिक असेल तर फार तर साडेतीन लिटर. आमचा सल्फ्युरिकचा कॅन ३५ लिटरचा असतो, तो फुटल्यास सुमारे ७० किलो सोडा ॲश लागेल, म्हणून ५० किलोच्या दोन गोण्या आम्ही ॲसिडच्या खोलीबाहेर कोरड्या जागी रचल्या आहेत. पावडर कडेपासून आत, थोडी थोडी टाकावी लागते, कारण फेस आणि उष्णता दोन्ही निर्माण होतात. कॉस्टिक सांडल्यावर ही पावडर काहीही करत नाही. त्यासाठी सायट्रिक ॲसिड हवे आणि संचात ते नाही. आम्लता तपासण्याच्या पीएचपट्ट्याही नाहीत, त्यामुळे पुसलेली फरशी खरोखर सुरक्षित झाली की नाही, हे कळायला मार्ग उरत नाही. कोटा फरशी तर चुनखडीचीच. तिच्यावर ॲसिड सांडले की फरशीच फसफसते, म्हणून ॲसिड उरले की नाही हे नुसत्या फेसावरून ठरवणे धोक्याचे आहे.

हातमोजे पातळ नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) आहेत. तीव्र सल्फ्युरिकपुढे ते फार काळ टिकत नाहीत, तेथे निओप्रीन किंवा ब्युटिल रबराचे लांब हातमोजे हवेत. मास्क धुळीचा आहे, त्याने हायड्रोक्लोरिकची वाफ अडत नाही. ॲसिड वायूसाठीचे कार्ट्रिज (गाळणीची डबी) लावलेला रेस्पिरेटर वेगळा घ्यावा. डोळे धुण्याची अर्ध्या लिटरची बाटली तर जेमतेम मिनिटभराची. डोळ्यात ॲसिड गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे लागते, तेव्हा नळाला जोडलेले आयवॉश (डोळे धुण्याचे उपकरण) जवळ असल्याखेरीज या बाटलीवर भरवसा ठेवू नये. आपल्याकडे ‘ॲसिडवर पाणी टाकू नये’ हे वाक्य इतके घोकले जाते की त्वचेवर उडालेल्या ॲसिडवरही काही जण पाणी घ्यायला कचरतात. सांडलेल्या तीव्र ॲसिडवर पाणी ओतू नये. अंगावर मात्र कपडे काढून भरपूर पाणी घ्यावे.

गटारावर अंथरायची लवचिक चादर चांगली निघाली. पावसाळी गटारांचे पाणी शेवटी ठाणे खाडीकडे जाते, म्हणून गळती दिसल्यावर माणसे बाजूला केली, लेबल वाचले आणि योग्य साधने अंगावर चढवली की आमच्याकडे पहिला हात या चादरीला लागतो. मग कॅन सरळ करणे, मग सॉक. भरलेला सल्फ्युरिकचा कॅन सुमारे ६४ किलोंचा असल्याने तो एकट्याने उचलू नये. आणि नायट्रिक सांडून तपकिरी धूर दिसला, तर संचाकडे न धावता सर्वांना बाहेर काढून १०१ वर कळवावे. लाकडाचा भुसा किंवा कॉटन वेस्ट तर नायट्रिकवर कदापि टाकू नये, पेट घेऊ शकते.

माहितीपत्रक बारीक इंग्रजीत आहे; आम्ही मराठी आणि हिंदीत तक्ता करून ड्रमच्या झाकणावर चिकटवला. वापरलेले पॅड हा घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो. तो घंटागाडीत न देता महापे किंवा तळोजा येथील सामायिक विल्हेवाट केंद्राकडे मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) पाठवावा लागतो, याचा पत्रकात उल्लेख नाही. पिशव्या तेवढ्या जाड आणि पुरेशा आहेत. पुरवठादाराने सुटे पॅड आणि सॉक देण्याचे मान्य केले आहे, परंतु ड्रमच्या झाकणाच्या बिजागरीबद्दल आम्ही केलेली तक्रार अद्याप तशीच पडून आहे.