गाडीच्या टेपचा खरा नंबर काढायला व्हीसीडीएस, फोरस्कॅन की निळा डोंगल?

सांगली-मिरजेत जुनी पोलो, व्हेंटो, रॅपिड किंवा लॉरा घेतली की एक प्रश्न हमखास पडतो: डॅशबोर्डातला टेप कंपनीचाच आहे की मागच्या मालकाने कुठूनतरी आणून बसवलाय? २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेली गाडी असेल तर ही शंका घ्यायलाच हवी. चासी नंबरवरून कारखान्याने काय बसवून दिलं होतं ते कळतं, आज काय बसलंय ते कळत नाही. ते टेपलाच विचारावं लागतं, म्हणजे गाडीच्या सॉकेटात स्कॅनर लावून टेपचा पार्ट नंबर वाचावा लागतो.

आधी निळ्या डोंगलबद्दल, कारण पहिल्यांदा सगळे तोच घेतात. पाचशे-सातशेचा ईएलएम३२७ डोंगल आणि मोबाईलमधलं फुकटचं ॲप एवढ्यावर इंजिनचे फॉल्ट दिसतात, आरपीएम दिसतो, पण टेप दिसत नाही. हा डोंगल ज्यावर चालतो त्या ओबीडी-२ चा (गाडी तपासायच्या सॉकेटचा) नियम मुळात धूर आणि इंजिनापुरता आहे. टेप गेटवेच्या (गाडीतल्या लाइन एकमेकींना जोडणाऱ्या मॉड्यूलच्या) पलीकडे, वेगळ्या कॅन लाइनवर (मॉड्यूल ज्यावरून बोलतात त्या तारेवर) बसलेला असतो. नव्या गाड्यांत यूडीएस या डायग्नोसिसच्या प्रोटोकॉलची २२ नंबरची सेवा वापरून एफ१८७ मागितलं तर पार्ट नंबर येतो, एफ१९१ ला हार्डवेअर नंबर आणि एफ१८सी ला सीरियल. पण फोक्सवॅगनचा पार्ट नंबरच दहा-अकरा अक्षरांचा, आणि कॅनच्या एका फ्रेममध्ये मावतात आठ बाइट. उत्तर तुकड्यांत येतं आणि स्वस्तातले नकली डोंगल नेमके तिथेच अडखळतात. जुन्या पोलो-व्हेंटोत तर टीपी २.० हा वेगळाच प्रोटोकॉल आहे. तिथे डोंगलच्या नादी लागूच नये.

फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीसाठी रॉस-टेक कंपनीचं व्हीसीडीएस हे सॉफ्टवेअर आणि त्याची केबल हेच खरं हत्यार. इग्निशन ऑन, इंजिन बंद, केबल लावा आणि ‘सिलेक्ट’मधून थेट ५६ नंबर, म्हणजे रेडिओ, उघडा. एमक्यूबी या नव्या प्लॅटफॉर्मच्या गाडीत तीच माहिती ५एफ मध्ये मिळते. सगळे मॉड्यूल आपोआप तपासणाऱ्या ऑटो-स्कॅनवर नुसता भरवसा ठेवू नका. काही गाड्यांत ऑटो-स्कॅन गेटवेच्या यादीवर चालतो, आणि टेप बदलणाऱ्याने त्या यादीत टिक केली नसेल तर समोर बसलेला टेपही ‘नाही’ म्हणून सुटतो. थेट ५६ उघडलं की उत्तर देतो.

स्क्रीनवर दोन नंबर येऊ शकतात, सॉफ्टवेअरचा आणि हार्डवेअरचा. गोंधळ इथेच होतो. टेप फ्लॅश केला, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर भरलं, की सॉफ्टवेअरचा नंबर बदलू शकतो, हार्डवेअरचा तसाच राहतो. डब्याच्या लेबलशी ताडायचा तो हार्डवेअरचा. मधले तीन अंक ०३५ असले की भाग रेडिओ गटातला. ३सी८ ०३५ १९५ दिसलं तर मॉडेल आरसीडी ५१०, ६आरडी ०३५ १८७ असेल तर आरसीडी ३३०. शेवटचं अक्षरही लिहून घ्या, आवृत्ती त्यावरूनच ठरते. ‘कॉम्पोनंट’च्या ओळीत मॉडेलचं नाव सरळ लिहिलेलं असतं, पण पार्ट मागवताना नावापेक्षा नंबर द्यावा.

‘सेफ’ कोड, म्हणजे लॉक झालेला टेप उघडायचा कोड, हवा असेल तर चौदा अक्षरांचा सीरियल लागतो. त्याची सुरुवात व्हीडब्ल्यूझेड, एसकेझेड किंवा एयूझेड अशी असते. स्कोडात व्हीडब्ल्यूझेड दिसला तर टेप दुसऱ्या गाडीतून आला असण्याची शक्यता मोठी. अंदाजाने कोड टाकत बसू नका. दोनदा चुकला की टेप साधारण तासभर लॉक होतो आणि तेवढा वेळ तो चालूच ठेवावा लागतो.

५६ कडून उत्तरच आलं नाही तर आधी बॅटरी बघा. व्होल्टेज १२ च्या खाली गेलं की कम्युनिकेशनचे खोटे फॉल्ट पडतात. बॅटरी ठीक असेल तर आत बहुधा बाहेरचा अँड्रॉइड टेप असतो, तो दिसायला कितीही कंपनीसारखा असो. के-लाइनवाल्या (स्कॅनरशी एकाच तारेवरून बोलणाऱ्या) जुन्या गाड्यांची आणखी एक खोड आहे. साध्या कपलरने बाहेरचा टेप जोडला की के-लाइन त्यातून दबते आणि स्कॅनरला इंजिनही सापडत नाही. टेपचा कपलर काढा, स्कॅनर पुन्हा लावा. अशा वेळी केबलला शिव्या घालून ती परत पाठवणारे कमी नाहीत.

फोर्डसाठी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर. विंडोजवरची आवृत्ती फुकट आहे आणि एसीएम (ऑडिओचं) मॉड्यूल उघडलं की पार्ट नंबर येतो. मधला भाग १८सी८१५ असला की तो रेडिओ. अट एकच, अडॅप्टरला एमएस-कॅन (मध्यम वेगाची कॅन लाइन) हवा, म्हणजे सॉकेटच्या ३ आणि ११ नंबरच्या पिना. साधा ईएलएम ६ आणि १४ वरच बोलतो, त्यामुळे टेप दिसत नाही आणि लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात.

जुन्या मारुती-टाटात बहुतेक टेप डायग्नोसिसला जोडलेलेच नसतात. तिथे स्कॅनरवर पैसे घालवू नका, टेप बाहेर काढून लेबल वाचा. पोलो-व्हेंटोतही शेवटी तेच करून खात्री करावी: प्लॅस्टिकच्या पट्टीने फ्रेम उचला, टी२० टॉर्क्सचे चार स्क्रू काढा, लेबल डब्याच्या अंगावर असतं.

घ्यायचं कुठलं? स्वतःची एक-दोन गाड्या असतील तर रॉस-टेकच्या हेक्स-व्ही२ ची तीन व्हीआयएनवाली (तीन चासी नंबरपुरती) केबल पुरते. विश्रामबाग किंवा माधवनगर रोडला गॅरेज असेल तर तीन गाड्यांची मर्यादा लगेच संपेल, सरळ अमर्याद आवृत्ती घ्यावी. स्वस्तातली नकली केबल घेऊ नये, सॉफ्टवेअर अपडेट केलं की ती बंद पडू शकते. लॅपटॉप विंडोजचाच लागतो. आणि केबल घ्यायचीच नसेल तर गॅरेजवाल्याकडून तोंडी नंबर घेऊ नका, स्कॅनची टेक्स्ट फाइल मागा. ती लॉग्स फोल्डरमध्ये सेव्ह करता येते आणि व्हॉट्सॲपवरही पाठवता येते.