पोलादी दांडा की ॲल्युमिनियमची पट्टी?

छोट्या विमानाचे चाक ज्या लवचिक पायावर बसते, तो पाय कशाचा असावा? अमेरिकी विमानरचनाकार स्टीव्ह विटमन यांच्या कल्पनेतून आलेला निमुळता पोलादी दांडा आरव्ही-६ आणि आरव्ही-७ या घरी बांधायच्या विमानांत दिसतो. बारीक असल्याने तो हवेला कमी अडथळा करतो. मात्र तो वाकतो तसाच पिळवटतोही, त्यामुळे धावपट्टीवर चाक पुढेमागे थरथरू लागते, आणि म्हणूनच अनेक बांधणारे त्याला लाकडी पट्टी लावून वर फायबरग्लास गुंडाळतात. ७०७५-टी६ या मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातूचा रुंद, चपटा पाय पिळाला सहसा दाद देत नाही. त्याची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असली, तरी ताठपणाही तितकाच कमी असल्याने तो जाड करावा लागतो. शिवाय वारंवारच्या ताणाने ॲल्युमिनियम थकते; खोल ओरखड्यातूनही तडा सुरू होऊ शकतो. खडबडीत गवती धावपट्टीसाठी मी पोलादच निवडेन.