पडदा गेलेल्या जुन्या संगणकावर डेबियन 13: सीमाभागातील वापराचे परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील पतसंस्थांमध्ये, शाळांमध्ये आणि वाचनालयांमध्ये पडदा व संगणक एकाच आवरणात असलेली दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रे अजून बरीच दिसतात. अशा यंत्राचा पडदा बिघडला की नव्या पडद्याचा खर्च ऐकून बहुतेक जण संपूर्ण यंत्रच मोडीत काढतात, आणि त्यासोबत आतला चांगला प्रोसेसर, मेमरी व कळफलक जोडायची सगळी सोयही भंगारात जाते. मला याचे मनापासून वाईट वाटते. खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयात असेच एक यंत्र डेबियन 13 ही मोफत कार्यप्रणाली घालून पुन्हा वापरात आणले आहे, आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रणालीकडे वळण्यापूर्वी पडद्याचा नेमका दोष ओळखणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून असतो. यंत्र सुरू करून अंधाऱ्या खोलीत पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. पुसट चित्र दिसले तर पॅनेल शाबूत असून फक्त मागचा प्रकाश गेलेला असतो. पडदा हलवल्यावर चित्र येत-जात असेल तर आतल्या केबलवर संशय घ्यावा, आणि ही दुरुस्ती स्वस्तात होते. उभ्या रंगीत रेषा कायम राहत असतील तर बहुधा पॅनेलच गेलेले असते. अशा वेळी त्यावर खर्च न करता बाहेरचा मॉनिटर किंवा घरातील टीव्ही जोडणे शहाणपणाचे. जुन्या पडद्यांत प्रकाशासाठी बारीक नळ्या असतात आणि त्यांना शेकडो व्होल्ट दाब लागतो, म्हणून आवरण उघडण्याचे काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

येथे एक अडचण अनेकांना उशिरा कळते. पडदा जोडूनच आलेल्या काही यंत्रांना एचडीएमआयचे छिद्र असते खरे, पण ते चित्र बाहेर पाठवण्यासाठी नसून बाहेरचे चित्र आत घेण्यासाठी असते. त्यामुळे छिद्राजवळ लिहिलेला ‘आउट’ हा शब्द पाहिल्याशिवाय नवी केबल विकत घेऊ नये. चित्र बाहेर पाठवण्याची सोय नसेल तर ते यंत्र पडद्याविना, दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्फत चालवता येते; मात्र त्याची मांडणी करण्यास जाणती व्यक्ती सोबत हवी.

विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर व टीपीएम 2.0 (संगणकातील सुरक्षा चिप) लागतो. वर सांगितलेली जुनी यंत्रे त्याआधीच्या पिढ्यांची असल्याने यात बसत नाहीत. डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये प्रसिद्ध झाली असून तिला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे दीर्घ मुदतीचा सुरक्षा आधार मिळतो. चार जीबी मेमरी आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप एवढ्यावर लेखन, पत्रव्यवहार व वाचन निर्वेध चालते. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली की यंत्राचा वेग इतका सुधारतो की खर्च करायचाच झाला तर तो मी पडद्याआधी यावरच करीन. प्रोसेसर 64 बिटचा आहे ना, हे मात्र तपासून घ्यावे, कारण 32 बिट यंत्रांसाठी या आवृत्तीत स्थापनेची सोय ठेवलेली नाही.

स्थापना करताना भाषांच्या यादीत मराठी व कन्नड दोन्ही मिळतात. पुढे काही मेनू व संदेश इंग्रजीतच येतात, तरी रोजच्या कामात त्याने अडत नाही. अडते ते दुसऱ्याच ठिकाणी: बिघडलेला पडदा यंत्राच्या लेखी अजूनही जोडलेलाच असतो, त्यामुळे प्रवेशाची चौकट त्या न दिसणाऱ्या पडद्यावर उमटते आणि बाहेरचा मॉनिटर कोरा राहतो. आतला पडदा बंद समजावा, अशी सूचना प्रणालीला सुरू होतानाच द्यावी लागते. हे एकदाचे काम आहे, परंतु नवख्या माणसाला ते सुचणे कठीण, आणि प्रणाली स्थापन करतानाच याविषयी विचारले जाते तर फार बरे झाले असते.

सीमाभागातील वाचकांना सर्वांत उपयोगी वाटेल अशी गोष्ट टंकलेखनाची आहे. आमच्याकडे मुलांची पुस्तके मराठी असतात आणि कार्यालयीन अर्ज कन्नड. इन्स्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत भारतीय लिप्यांतील समान अक्षरांच्या जागा एकच असतात. ज्या कळीवर देवनागरी ‘क’ उमटतो, तिथेच कन्नड ‘क’ही असतो, आणि ‘ळ’ही दोन्हीकडे त्याच कळीवर मिळतो. आयबस व एम17एन हे टंकलेखनाचे मोफत कार्यक्रम बसवल्यावर एका कळजोडीने लिपी बदलते आणि बोटांना नव्याने काही शिकावे लागत नाही. नुडी या कन्नड टंकलेखन कार्यक्रमाची सवय असलेल्यांसाठी त्याची मांडणीही उपलब्ध आहे. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ ही अक्षरे व्यवस्थित उमटतात. मराठी शाळेत शिकून कन्नड अर्ज स्वतः टंकित करणाऱ्या मुलांना ही सोय मिळालीच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही किविक्स हा मोफत कार्यक्रम बसवला. त्यावर संपूर्ण मराठी विकिपीडिया एकदा शहरातून पेन ड्राइव्हवर आणून ठेवला की वाचनालयाच्या वायफायला जोडलेल्या कोणत्याही मोबाइलवर तो इंटरनेटविना उघडतो. या कामासाठी तर यंत्राला स्वतःचा पडदा लागतच नाही. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, असा पर्याय अनेक यंत्रांच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) असतो. तो निवडावा, आणि वीज वारंवार जाणाऱ्या गावांत लहान यूपीएस अवश्य जोडावा. दमट हवेमुळे पंख्यावर धुळीचा थर चिकटतो, तोही दर पावसाळ्यानंतर साफ करून घ्यावा.

विजेचा खर्च हा या यंत्राचा खरा दोष आहे. सरासरी 50 वॉट धरले तरी चोवीस तास चालवल्यास दिवसाला 1.2 आणि तीस दिवसांच्या महिन्याला 36 युनिट होतात. घरी कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेचा लाभ घेणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण त्यात मोफत युनिट आधीच्या सरासरीवर बेतलेले असतात आणि 200 च्या वर गेल्यास पूर्ण बिल भरावे लागते. आम्ही यंत्र वाचनालयाच्या वेळेतच सुरू ठेवतो. अहोरात्र चालणारा सर्व्हरच हवा असेल तर पाच-सहा वॉटवर चालणारा छोटा संगणक अधिक परवडतो.

लग्नपत्रिका, अहवाल किंवा स्मरणिका यांचे काम श्रीलिपी व पेजमेकरमध्ये करणाऱ्यांना मी हा बदल सुचवणार नाही. ते कार्यक्रम विंडोजसाठी आहेत, आणि त्या जुन्या टंकांतील मजकूर डेबियनवर नुसता उघडल्यास अक्षरे ओळखूही येत नाहीत. अशा छापखान्यांनी विंडोजचे यंत्र इंटरनेटपासून तोडून त्याच कामाला ठेवावे आणि त्याला बाहेरचा मॉनिटर जोडावा.